जुन्या भांड्यांचा बगळा दोन पायांवर उभा कसा राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातली जुनी स्टीलची भांडी आणि चमचे वापरून बगळा केला, सगळे जोड एम-सीलने बसवले. आठवड्याभरात एक पाय निसटला आणि मान खाली लोंबली. शिवाय बघणाऱ्याला तो बगळा वाटतच नाही, भांड्यांचा ढीग वाटतो. फ्लॅटमध्ये वेल्डिंग करता येत नाही, बगळा बाल्कनीत ठेवायचा आहे, तर याहून मजबूत गोंद कोणता?

याहून मजबूत गोंद आणलात तरी पाय निसटेल, फक्त थोडा उशिरा. तुमच्या बगळ्याची अडचण दोन ठिकाणी आहे. पातळ, गुळगुळीत पत्र्याला टोकाशी धरून लांब वस्तू लोंबकळत ठेवली आहे, ही एक. आणि प्राणी कसा उभा राहतो हे ठरवण्याआधी भांडी जोडायला सुरुवात झाली, ही दुसरी. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण पाय कुठे बसवायचे हे तोलावर ठरतं आणि तोल प्राण्याच्या ठेवणीवर.

आधी गोंदाचं गणित बघू. मान आणि डोकं मिळून ३०० ग्रॅम धरा आणि हे वजन जोडापासून २० सें.मी. पुढे आहे असं समजा. जोड जर २ सें.मी. रुंद असेल, तर त्याच्या मागच्या कडेवर साधारण ३ किलोची ओढ सतत बसते. ती ओढ सोलण्याच्या दिशेने असते. एपॉक्सी (एम-सीलही त्यातलंच, दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) दाबाला आणि सरळ ओढीला चांगली टिकते, पण एका कडेने सोलत नेली की टिकत नाही. त्यात स्टीलचं भांडं चकचकीत, वर स्वयंपाकघरातल्या तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर. आणि बाल्कनीत एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही. त्या तापमानाला साधी घरगुती एपॉक्सी मऊ पडायला लागते. म्हणून रात्री घट्ट वाटलेली मान दुसऱ्या दिवशी दुपारी झुकते.

मी जो नियम पाळतो तो असा: वजन पेलायचं ते नट-बोल्टने, रिबिटाने किंवा आरपार सळईने. एपॉक्सी फक्त पोकळी भरायला आणि जोड फिरू नये म्हणून. चहूबाजूंनी बंदिस्त जागेत एपॉक्सी कोंबली की ती दाबात राहते आणि वर्षानुवर्षं टिकते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुतळा घरात कपाटावर राहणार असेल तर झिंक लावलेले साधे नट-बोल्ट आणि अॅल्युमिनियमची रिबिटं चालतील. पावसाचे शिंतोडे येणारी बाल्कनी असेल तर सगळं स्टेनलेसचं घ्या. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेसवरही खाऱ्या हवेने तपकिरी ठिपके पडतात. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय. आणि तुमच्याकडची भांडी नेमकी कोणत्या धातूची आहेत, यावर जोडाची पद्धत बदलते.

धातू ओळखायला एक लोहचुंबक आणि हातातलं वजन पुरतं. आकाराच्या मानाने हलकं लागलं की अॅल्युमिनियम. पिवळं दिसतंय पण चुंबक चिकटतो, तर ते पितळ नाही, लोखंडावरचा मुलामा आहे. घासल्यावर खालचं लोखंड उघडं पडेल आणि गंजेल. स्टीलच्या ताटल्या-वाट्यांना चुंबक बहुधा चिकटत नाही किंवा जिथे पत्रा जास्त ताणलेला आहे तिथे किंचित चिकटतो. सुऱ्या आणि कात्र्यांना घट्ट चिकटतो, कारण ते कडक केलेलं वेगळं पोलाद असतं. कानशीने घासून पाहा. कानस नुसती घसरली तर त्या पात्याला साध्या ड्रिलने भोक पडणार नाही, प्रयत्नही करू नका. तिथे आधीपासून असलेलं भोकच वापरायचं.

अॅल्युमिनियमचा आणि स्टील किंवा पितळेचा जोड उघड्यावर टाळा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातलं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मोठ्या स्टीलच्या पत्र्यात छोटं अॅल्युमिनियमचं रिबीट ही सर्वांत वाईट जोडी, एक-दोन पावसाळ्यांत रिबिटाची पांढरी भुकटी होते. वापरायचंच असेल तर मध्ये नायलॉनचा वायसर घाला. धुतानाही लक्षात ठेवा: जुना चिकट थर काढायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा उत्तम, पण अॅल्युमिनियमची भांडी त्यात घालू नका, ती काळी पडतात आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो.

पितळेला डाख, म्हणजे वितळवलेल्या मऊ धातूचा सांधा, छान बसतो, म्हणून पितळी भाग असतील तर वेल्डिंगशिवाय एक जास्तीचा मार्ग मिळतो. कथील-शिशाचा डाख १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतो. छोट्या भागांना मोठी सोल्डरिंग इस्त्री पुरते, मोठ्या भांड्याला नाही, कारण उष्णता भांडंच पिऊन टाकतं. मोठा जोड असेल तर तांबटाकडे न्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे जोड करून देणारे कारागीर आहेत, आणि बहुतेक जुन्या गावांच्या बाजारपेठेत एखादा तरी भेटतो. एक मात्र सांगून ठेवतो: घरात पितळ लालभडक तापवू नका. त्यातलं जस्त धूर होऊन बाहेर पडतं आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जस्ती बादलीचंही तेच.

आता आकाराकडे येऊ. यावर जास्त वेळ घालवा, कारण इथेच बहुतेक पुतळे फसतात.

प्राणी ओळखू येतो तो तपशिलाने नाही, बाह्यरेषेने. डोळे, पंखावरच्या रेषा, पायाची नखं हे सगळं नंतरचं. बगळा म्हणजे लांब काड्यांसारखे पाय, त्यावर आडवं निमुळतं अंग, इंग्रजी एससारखी दुमडलेली मान आणि सरळ सुरीसारखी चोच. या चार गोष्टी बरोबर असतील तर एकही पीस न लावता बगळा दिसतो. मान सरळ उभी लावली तर तोच पक्षी बदक आणि शहामृग यांच्यामधलं काहीतरी होतो. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांब असतो आणि तिथे मानेला एक ठळक कोपरा पडतो. तो गोलाकार बाक नाही, कोपरा आहे. हा कोपरा दाखवला की निम्मं काम झालं.

दुसरी चूक पायांची. पक्ष्याच्या पायात मध्यावर मागे वळलेला जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणून वरची नळी किंचित मागे जाते, खालची किंचित पुढे येते आणि सांध्याचं टोक मागे असतं. हे उलटं केलं की पक्षी माणसासारखा उभा दिसतो आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

त्यामुळे पहिलं काम कागदावर. तपकिरी कागद किंवा जोडलेली वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा आणि बगळ्याची बाजूने दिसणारी बाह्यरेषा खऱ्या मापात काढा. ७० ते ७५ सें.मी. उंची पहिल्या कामाला योग्य. त्यापेक्षा लहान केलात तर चमचेच मोठे वाटतात. मग भांडी त्या रेषेवर मांडा, न जोडता. खुर्चीवर उभे राहून वरून फोटो काढा आणि फोटो कृष्णधवल करून पाहा. चकाकी नाहीशी झाली की आकार उघडा पडतो. हे मांडणं-बदलणं दोन-तीन दिवस चालू द्या.

भांड्यांची निवड करताना एक भांडं असं शोधा की जे एकटंच प्राण्याचं एक अंग सांगून टाकेल. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोनच वस्तू, आणि दोन्ही सायकलच्या म्हणूनही ओळखू येतात. त्याच्याच १९५१ च्या माकडिणीचा चेहरा दोन खेळण्यातल्या मोटारींचा आहे. दोन्हीकडे वस्तू कापून-ठोकून वेगळी केलेली नाही. कात्रीने कापून, वाकवून चमचा ओळखू येईनासा झाला तर मग नवीन पत्राच का घेतला नाही, असा प्रश्न उरतो. म्हणून कमीत कमी कापा. तुमच्या आधीच्या बगळ्यात पंधरा-वीस प्रकारची भांडी होती, असं तुम्ही लिहिलंय. ती सहा-सातवर आणा. ढिगारा वाटण्याचं मुख्य कारण तेच.

बगळ्यासाठी माझी निवड अशी: अंगाला स्टीलचा साधा उभट पाण्याचा जग, साधारण २२ सें.मी. लांब आणि ११ सें.मी. व्यासाचा, आडवा. तोंड शेपटीकडे, बूड छातीकडे. मानेला बाथरूममधल्या जेट स्प्रेची लवचीक स्टीलची नळी. डोक्याला दोन मोठे वाढायचे चमचे. चोचीला जुनी कात्री. पायांना एम-८ची, म्हणजे ८ मि.मी. जाडीची, स्टेनलेस आटे पाडलेली सळई. पंजांना दोन काटे. पिसांना २४ ते ३० चहाचे चमचे. तळाला जुना लाकडी पाट किंवा जात्याचा वरचा दगड.

जगाचा पत्रा जेमतेम अर्धा ते पाऊण मि.मी. जाड असतो. नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला तर पत्रा डबाडब आतबाहेर होतो आणि मान हलत राहते. म्हणून प्रत्येक मोठ्या जोडाच्या आतून ३ मि.मी. जाड, ४-५ सें.मी. लांब पट्टी किंवा निदान ३० मि.मी.चा मोठा वायसर द्यायचाच.

भोकं पाडण्याबद्दल. स्टेनलेस स्टील घासलं की कडक होतं. ड्रिल वेगात फिरवून हलक्या हाताने टेकवलं तर टोक नुसतं घासतं, जागा निळी-तपकिरी होते आणि मग तिथे भोक पडतच नाही. उलट करायचं: वेग कमी, दाब जास्त, थेंबभर तेल. ४ मि.मी.च्या भोकाला मिनिटाला ८०० ते १००० फेरे, ८ मि.मी.ला ४५०-५००. कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचं ड्रिल-बिट घ्या, थोडं महाग पडतं पण एका भोकावर चार साधी बिटं फुकट जाण्यापेक्षा बरं. आधी सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, खूण ठोका, नाहीतर टोक घसरत जाऊन जगावर ओरखडा काढतं. जग चेपू नये म्हणून आत लाकडाचा ओंडका किंवा घट्ट भरलेली ओली वाळू ठेवा. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका, फिरत्या टोकात मोजा अडकला की हात ओढला जातो. हातमोजे पत्रा कापताना. चष्मा मात्र दोन्ही वेळा.

पाय पहिल्यांदा बसवायचा मोह आवरा. आधी मान.

जेट स्प्रेच्या नळीच्या टोकाला अर्ध्या इंचाचा नट असतो, आणि हीच तिची खरी किंमत. नळाच्या दुकानात अर्ध्या इंचाचा पितळी निपल (दोन्हीकडे आटे असलेला नळीचा आखूड तुकडा) आणि त्यावर बसणारा पातळ चेक-नट मिळतो. जगाच्या बुडात, मध्यापासून जरा वरच्या बाजूला, स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं बिट) २२ मि.मी.चं भोक पाडा. निपल आतून बाहेर काढा, दोन्ही बाजूंना वायसर देऊन चेक-नटने आवळा, आणि बाहेर आलेल्या आट्यांवर नळीचा नट फिरवा. वेल्डिंगइतका पक्का जोड तयार झाला, आणि उद्या मान बदलावीशी वाटली तर पान्याने उघडता येतो. नळी ३०-३२ सें.मी. ठेवून वरचं टोक कापा. आता तिच्यातून ८ गेजची, म्हणजे ४ मि.मी. जाडीची, गंजरोधक तार घाला. टोकाच्या बारीक भोकातून ती जाते ना, हे नळी कापण्याआधी पाहून घ्या. जगाच्या आत तारेचं टोक वाकवून आतल्या पट्टीच्या बोल्टखाली अडकवा. नळी नुसती आकार दाखवते, वजन तार पेलते. मानेचा तो कोपरा देताना नळी गुडघ्यावर ठेवून वाकवू नका, त्या जागी पाइपचा लहान तुकडा धरून त्याभोवती वळवा. एकदाच वळवा. मागे-पुढे चार वेळा केलं की तारही थकते आणि तुटते.

डोक्यासाठी प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री घ्या. मुठी फोडून काढल्या की मागे दोन बारीक शेपट्या उरतात, त्या डोक्यामागच्या तुऱ्याच्या जागी बरोबर बसतात. पाती मिटली की चोच. मधला खिळा सैल करून किंवा घासून काढा आणि त्या भोकातून एम-४ किंवा एम-५चा बोल्ट घाला. क्रम असा: एक चमचा, तारेचं वळसा दिलेलं टोक, कात्री, दुसरा चमचा. चमच्यांची पोकळ बाजू आत, दोन्हींच्या मध्यावर भोक. एकच बोल्ट चौघांना धरतो. एक बोल्ट असला की डोकं त्याभोवती फिरतं, आणि सध्या ते हवंच आहे. बाजूने, समोरून बघून चोचीचा कल ठरवा, किंचित खाली असावी. ठरलं की चमच्यांच्या मधली पोकळी एम-सीलने गच्च भरा. ही एपॉक्सी काहीही पेलत नाही, फक्त फिरू देत नाही, म्हणून टिकते. भरण्याआधी आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि थिनरने पुसा, आणि २४ तास हात लावू नका. चोचीची टोकं कानशीने गोल करा. बगळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार आहे, यात हयगय नको.

चमचे, म्हणजे पिसं, लावण्याआधी कापून तयार ठेवा. पसरट भागामागे ४ सें.मी. दांडी ठेवून बाकीची कापा, कापलेल्या टोकापासून ८ मि.मी.वर ३.३ मि.मी.चं भोक. रिबीट ३.२ मि.मी.चं. भोक कडेच्या फार जवळ पाडलं तर आवळताना कड फाटते, कमीत कमी रिबिटाच्या जाडीच्या दुप्पट अंतर सोडा. पॉप रिबीट बाहेरूनच मारता येतं, जगाच्या आत हात घालावा लागत नाही, म्हणून ते इथे सोयीचं.

आता तोल. मान-डोकं जोडलेला जग घ्या, कापलेले सगळे चमचे पिशवीत भरून त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने बांधा आणि जग एका आडव्या लाटण्यावर ठेवून पुढे-मागे सरकवा. जिथे तो तोलून राहतो तिथे पोटावर रेघ मारा. पाय या रेघेवर. डोळ्यांच्या अंदाजाने पाय नेहमी मध्यावर लावले जातात, आणि मान पुढे असल्यामुळे पक्षी नाकावर पडायला बघतो. रेघ फारच पुढे आली तर मानेचा कोपरा आणखी मागे घ्या. डोकं छातीच्या वर येऊ द्या. खरा बगळाही पाण्यात निवांत उभा असताना तसंच करतो.

त्या रेघेवर दोन भोकं, एकमेकांपासून ४ ते ५ सें.मी., ८.५ मि.मी.ची. बरोबर त्यांच्या वर पाठीवर आणखी दोन. वरची सळई २५ सें.मी.ची. ती पोटातून शिरून पाठीतून बाहेर यायला हवी. दोन ठिकाणी, ११ सें.मी.च्या अंतराने धरल्यामुळे पाय डगमगत नाही. नुसत्या पोटाला अडकवलेला पाय कितीही आवळा, हलतोच. पोटाच्या आत एक नट आणि बाहेर एक, पाठीच्या आत एक आणि बाहेर एक, असे चार नट प्रत्येक पायाला. आतले नट विसरलात तर बाहेरचे आवळताना जग चेपतो. स्टेनलेसचे नट स्टेनलेसच्या सळईवर वेगाने फिरवले तर आटे एकमेकांत चिकटून बसतात आणि मग कापल्याशिवाय सुटत नाहीत. आट्यांना किंचित ग्रीस लावा, हळू फिरवा.

पोटाखाली सळई १२ सें.मी. उरेल. तिला लांब कपलिंग नट, म्हणजे दोन सळया टोकाला टोक जोडणारा नट, लावा, हाच घोटा. तो जाड दिसतो आणि तसाच दिसायला हवा. त्याखाली दुसरी सळई, कपलिंगच्या लगेच खाली १० ते १५ अंश वाकवलेली, म्हणजे पंजा पुढे येतो. आटे असलेली सळई एकदम काटकोनात दुमडली तर आट्याच्या खाचेत तुटते. हा एवढा कोन मोठ्या गोलाईने सहज निघतो.

पंज्याला काट्यासारखी वस्तू दुसरी नाही. चार दात्यांपैकी तीन पुढे पसरायचे, एक पकडीने मागे वळवायचा, बगळ्याचा पाय तयार. दाते एका झटक्यात वळवा, परत सरळ करायला जाऊ नका. काट्याच्या खांद्यावर, जिथे तो रुंद असतो, ८.५ मि.मी.चं भोक आणि वर-खाली नट. उरलेली दांडी कापून टाका.

तळ पाटाचा असेल तर फार सोपं. पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे सळईचे नट खाली लोंबले तरी पाट डुगडुगत नाही. पण वाऱ्याच्या बाल्कनीत पाट हलका पडतो. तिथे जात्याचा वरचा दगड वापरा, ज्याच्या मधल्या भोकातून दळायचं धान्य घालतात. त्या भोकात दोन्ही सळया, खाली एक आडवी पट्टी बांधून, एकास दोन सिमेंट-वाळूने भरायच्या. अशा वेळी दोन पायांचं खालचं अंतर भोकाइतकंच राहतं, म्हणून पंजे दगडाच्या पृष्ठभागावर टेकवून बाहेर पसरवा. सिमेंटला सात दिवस पाणी मारा, तोवर बगळा काठीला बांधून ठेवा.

इथवर आल्यावर पिसं. कौलं वळचणीकडून आढ्याकडे घालत जातात, तसे चमचे शेपटीकडून मानेकडे. पुढच्या ओळीचा चमचा मागच्या ओळीचं रिबीट झाकतो आणि पाणीही बाहेर निथळतं. चमच्याची फुगीर बाजू वर. एका रिबिटावर चमचा फिरतो, म्हणून आधी सगळे एकेका रिबिटाने बसवा, लांबून पाहून कोन नीट करा, मगच ज्यांना गरज आहे त्यांना दुसरं रिबीट मारा. दुसरं पडलं की हालचाल बंद. सगळा जग झाकायची गरज नाही. पाठ आणि दोन्ही कुशी पुरे, छाती मोकळी राहू द्या.

मोकळ्या छातीचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, आणि जगावर आजीचं किंवा लग्नातल्या आहेराचं नाव कोरलेलं असेल तर ते दिसू द्या. बफिंग मशीनने पॉलिश करू नका, ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं त्यात पुसली जातात. आणि नाव-तारीख असलेलं जुनं जड पितळी भांडं असेल तर त्याला भोकच पाडू नका. त्याऐवजी भंगारवाल्याकडून स्टीलचा जग किलोच्या भावात आणा.

आत्तापर्यंतचा क्रम एकदा: कागदावर रेषा, मान, डोकं, तोल, पाय, तळ, पिसं. पिसं आधी लावली तर पाठीवरचे नट आवळता येत नाहीत, आणि तोल पाहण्याआधी पाय लावले तर जगात चार भोकं फुकट जातात. बाकी क्रम इकडेतिकडे झाला तरी चालेल.

तुम्ही विचारलंय की बगळा जमला नाही तर सोपा प्राणी कोणता. कासव. उलटी कढई, तिच्या कानांच्या खाली चार पळ्या पायांना, एक डाव डोक्याला. वजन जमिनीलगत असल्यामुळे तोलाचा प्रश्नच नाही आणि सगळे जोड एम-५ बोल्टचे. घुबडही सोपं, दोन चहाच्या गाळण्या शेजारीशेजारी डोळ्यांना लावल्या की झालं. दोन्ही डोळे समोर हवेत, बाजूला नेले की कोंबडी होते. मासा करायचा तर किसणी. खिल्लार बैल मात्र घाईने घेऊ नका. लांब निमुळता चेहरा, मुळाशी जवळजवळ असलेली आणि मागे झुकून वर जाणारी शिंगं, आणि वशिंड, यातलं एक जरी हुकलं तरी तो दुसराच बैल होतो.

कपबशा आणि फुटकी चिनी मातीची भांडीही पडून आहेत, असं तुम्ही म्हणता. ती नट-बोल्टच्या कामात मिसळू नका. त्यांची जागा सिमेंटमध्ये. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे सिमेंटच्या आकृत्यांवर बसवून माणसं, पक्षी, जनावरं केली. ती बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि आजही उन्हापावसात उभी आहे. ते वेगळं तंत्र आहे, त्यासाठी वेगळा प्रश्न विचारा, सविस्तर लिहीन.

घरातल्या काही वस्तू मात्र उघडूच नका: गॅसचा सिलिंडर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, सीएफएल दिवे आणि ट्यूबलाइट, जुना टीव्ही, आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो. नॉन-स्टिक तवा बोल्टने जोडायला हरकत नाही, पण त्यावर ज्योत किंवा ग्राइंडर चालवू नका, त्या थराचा धूर विषारी असतो.

शेवटी बाल्कनीसाठी दोन कामं. जग आडवा असला तरी तोंडाच्या काठाआड पाणी साचतं, म्हणून पोटाच्या सर्वांत खालच्या जागी ६ मि.मी.चं भोक ठेवा. नाहीतर पावसाळ्यात त्यात डेंग्यूचे डास वाढतील. कात्री आणि तिच्या शेपट्या गंजणाऱ्या पोलादाच्या आहेत, त्यांना पारदर्शक लॅकरचा हात मारा किंवा शिलाई मशीनचं तेल पुसत राहा. आणि महिनाभराने सगळे नट पान्याने तपासा. उन्हाने पत्रा ताणतो-आकसतो, तेव्हा दोन-तीन सैल झालेले सापडतील. ते आवळून प्रत्येकावर दुसरा नट लॉक म्हणून चढवा.